पोलादरावांचं जालीम औषध

माशांना अजून पापण्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका तळ्याच्या बांधात पोलादराव नावाचं लोखंडी दार होतं. अंगावर गंजाचा ठिपका दिसला, की ते बगळेवैद्यांना बोलावत. वैद्यबुवा कसलासा हिरवा लेप फासत. लेप पाण्यात उतरे आणि मासे पटापट उलटे तरंगत.

“बघा, किती जालीम औषध!” म्हणत वैद्यबुवा पोटभर जेवून जात.

एका वर्षी मात्र भागाक्का बेडकीची पिल्लं पाण्यात होती. तिनं बांधावरच्या मेंदीचा पाला उकळून काढा केला आणि पोलादरावांना अंगभर चोपडला. महिना झाला, गंजाचं नाव नाही. तरी पोलादराव कुरकुरलेच.

“अक्का, तुमच्या औषधात दम नाही. एकसुद्धा मासा मेला नाही!”

“अहो, पण गंज आहे का कुठे?”

“नाही. पण गुण आल्यासारखं वाटत नाही. उद्या वैद्यबुवांनाच बोलावतो.”

भागाक्कानं कपाळाला हात लावला आणि पाण्यात बुडी मारून ती घरोघर निरोप देत फिरली. सकाळी तिनं काढ्याचा एक हात फिरवला, तोच अख्खं तळं उताणं झालं. तिची पिल्लंसुद्धा डोळे घट्ट मिटून तरंगू लागली.

“वा! ह्याला म्हणतात औषध!” पोलादराव खूश होऊन करकरले.

तेव्हापासून दर वर्षी मेंदीच्या दिवशी तळं तासभर मरतं, आणि पोलादराव वर्षभर ठणठणीत राहतात.