हात मिळवायला बंदी

सोव्हिएत अमलातल्या लाटव्हियाचा इमांट्स बुद्धिबळात तरबेज, पण साहेबलोकांपुढे मान तुकवण्यात अगदीच कच्चा. शेवटी वैतागून तो कॅनडात निघून गेला आणि तिकडून खेळू लागला. पुढे एका स्पर्धेत समोर आला त्याचा जुना दोस्त ऐवार्स. ऐवार्सच्या सोव्हिएत संघाचे प्रमुख प्लोत्निकोव साहेब यांना पटावरचा घोडा कसा चालतो ते ठाऊक नव्हतं, पण छातीवर पदकं मावत नव्हती!

साहेबांनी भर सभागृहात फर्मावलं, "या पळपुट्याशी जो हात मिळवेल, त्याचे परदेश दौरे कायमचे बंद!"

डाव रंगला आणि ऐवार्स पुरता कोंडीत सापडला. अशा वेळी हात पुढे करून हार कबूल करायची, ही खेळाची रीत. बिचाऱ्याचा हात उचलला जाई आणि साहेबांकडे नजर गेली की परत खाली येई. लोक खुसुखुसू हसू लागले.

इमांट्स उठला आणि थेट साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, त्याचा हात तुम्ही बांधलात. तेव्हा हार आता तुम्हीच कबूल करा. आणा हात!"

साहेबांनी घाईघाईने दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले.

"बरं, तुमचा राहू द्या," इमांट्स म्हणाला. "मग त्याचा तरी सोडा!"

साहेबांनी कशीबशी होकारार्थी मान हलवली. ऐवार्सने हार कबूल केली, ती दोन्ही हातांनी.