ढगाचा भरवसा

डोक्यावर रणरणतं ऊन, छपरावर सौर पॅनेल आणि तरी वीज जाऊन दूध नासतं, हे कोडं वडजाई दूध संस्थेच्या अध्यक्षा हौसाबाईंना काही केल्या उलगडेना. शेवटी वायरमननं सांगितलं, गावची लाईन गेली की पॅनेलही आपोआप बंद पडतात. नाहीतर पॅनेलची वीज लाईनमध्ये शिरून खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. मग लाईन गेल्यावर संस्थेला तिच्यापासून वेगळं करणारा स्विच बसवू द्या, अशी मागणी बाईंनी केली.

त्यावर वीज कंपनीचे घैसाससाहेब जातीनं आले. संस्थेच्या पंख्याखाली ऐसपैस बसून म्हणाले, "अहो, ढग आला की तुमची वीज गुल. सगळा बेभरवशाचा कारभार. त्यापेक्षा आमच्या लाईनवर विसंबा."

बाई आणखीच चक्रावल्या. तेवढ्यात पंखा थांबला.

साहेब पंख्याकडे बघत राहिले. बाई मात्र दारात जाऊन, कपाळावर हात धरून आभाळ न्याहाळून आल्या. ढगाचा मागमूस नव्हता.

"साहेब, आमची वीज गेली तर वर बघितलं की कारण दिसतंय," त्या खरोखरच गोंधळून म्हणाल्या. "तुमची गेली की कुठं बघायचं, तेवढं सांगा."

साहेबांनी घाम पुसता पुसता विचारलं, "स्विच कुठं बसवायचा म्हणालात?"