काजळीखालचा तडा

“थोरल्यानं अंगावरचा तडा कुणालाच का दाखवला नाही?” धाकट्या पिस्टननं हे सगळ्यांना विचारलं.

गाड्या ढकलून सुरू करायच्या त्या काळात एका डिझेल इंजिनात चार पिस्टन भाऊ राहायचे. त्यांना पोटात सांभाळणाऱ्या ब्लॉकला ते आई म्हणत. एकदा घाट चढताना थोरला फुटला आणि आईच्या पोटात खोल ओरखडे उठले.

इलाही मिस्त्रींनी इंजिन खोललं. “मालकाला घाई आहे. फुटलेल्याच्या जागी ओरखड्यांवर स्लीव्हची नळी टाकून नवा पिस्टन बसवू. या तिघांना फडकं मारलं की चालतील.”

मधला खूश झाला. “ऐकलंत? आपण परत घरी!”

“पण माझ्या अंगावरही तडा आहे,” धाकटा म्हणाला.

“हळू बोल, गाढवा!” मधला म्हणाला. “काजळीखाली कुणाला दिसतोय? दिसला तर मिस्त्री चारही सिलिंडर बोअर करून रुंद करतील आणि चारही पिस्टन नवे घालतील. आपण तिघे भंगारात!”

“आणि मी आत फुटलो, तर आईचं काय?”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“थोरलाही असंच म्हणाला असेल.”

तेवढ्यात मिस्त्रींनी पुसायला धाकट्याला उचललं. तसा तो त्यांच्या तेलकट बोटांतून निसटला, रॉकेलच्या परातीत पडला आणि अंगावरची सगळी काजळी निघेपर्यंत तिथेच लोळत राहिला.