मनोलीने उसवलेले दार

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक मनोली राहत असे. मनोली म्हणजे चिमणीहूनही लहान, जाड चोचीचे, गवताच्या बियांवर जगणारे पाखरू. ही मनोली कामसू होती, नीटनेटकी होती, पण तिच्या मनात शंकेचा किडा होता. शेजारीण सहज शेपटी हलवून गेली, तरी हिला वाटे, आपल्यालाच हिणवून गेली.

ओढ्याच्या अलीकडे एक बाभूळ आणि पलीकडे शिंदीचे झाड होते. दोन्हींवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत असत. सुगरण पक्ष्यांत घर विणण्याचे काम नराचे. पिल्ले उडून गेली की तो विणकर त्या घराकडे वळूनही पाहत नाही, दुसरे विणायला घेतो. अशा रिकाम्या घरांत मनोल्या बिऱ्हाड थाटत. बाभळीवरचा विणकर गवताच्या पातीने विणी, शिंदीवरचा झावळीच्या बारीक पट्ट्यांनी. पहिली घरे मऊ, दुसरी टणक. पिल्ले मात्र दोन्हींत सारखीच गुटगुटीत होत. मग यात भांडण्यासारखे काय होते, असे तुम्ही विचाराल. मुलांनो, बाजारात दोन शिंपी एकाच टपरीवर चहा पीत बसलेले असतात आणि त्यांची गिऱ्हाइके रस्त्यात सदऱ्याच्या कॉलरवरून हमरीतुमरीवर येतात. वस्तू घडवणारा आपला कामात असतो. वस्तू घेणाऱ्याला मात्र आपण फसलो नाही, हे चार जणांना पटवल्याशिवाय घास गोड लागत नाही.

बाभळीवरचा विणकर घरात आतल्या बाजूला ओल्या चिखलाचे गोळे लावी, म्हणजे वाऱ्यात घर फार हेलकावत नसे. शिंदीवरच्या घरांना खाली तोंड केलेले नळीसारखे लांब दार असे, म्हणजे कोणाची चोच अंड्यांपर्यंत पोहोचत नसे. एका हंगामात पाहावे तो काय, शिंदीवर चिखल दिसू लागला आणि बाभळीवर नळीचे दार. झाले. बाभळीच्या मनोल्या पलीकडच्यांना 'चिखलचोर' म्हणू लागल्या, पलीकडच्या यांना 'नळीचोर' म्हणू लागल्या. कोणाची नळी आधी आणि कोणाचा चिखल आधी, यावरून दाणे टिपायचे सोडून सकाळ सरू लागली. एकीनेही आयुष्यात एक गाठ स्वतः मारलेली नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आपल्या मनोलीच्या बाभळीवरच्या घरात नुकतीच अंडी आली होती. त्यामुळे तिचा संशय आणखीच वाढला. शिंदीवरची एक मनोली पूर्वी तिच्याबरोबर बिया टिपायला येई. दोघी एकमेकींना ताई म्हणत. ती आता ओढ्यावर पाणी प्यायला उतरली, तरी हिला वाटे, ही पाण्याचे निमित्त करून आमच्या घराची वीण पाहून जाते. हळूहळू तिने त्या ताईशी बोलणे टाकले. मग वाऱ्याचाही तिला संशय आला, कारण तो शिंदीकडून येई.

एकाचा संशय मात्र तिला कधी आला नाही. ओढ्याच्या मधोमध एका वठलेल्या झाडावर एक कावळा बसे. तो अलीकडचे पलीकडे सांगे, पलीकडचे अलीकडे सांगे, आणि दोन्हीकडे मान डोलावून ऐके. तिला वाटे, जगात समजूतदार असा हा एकच. एका सकाळी तो बाभळीवर येऊन बसला. पलीकडे तिला कोण काय म्हणाले, ते त्याने तिखटमीठ लावून सांगितले. मग घसा साफ करून म्हणाला, "ताई, मला तुमच्या भांडणात पडायचे नाही. पण पलीकडच्या विचारतात, एवढा बाभळीचा अभिमान आहे, तर आमचे नळीचे दार लावून कशाला बसली आहे? मला काही उत्तर सुचले नाही बघ."

हे मनोलीला फार लागले. "उत्तर मी देते, दादा," असे म्हणून ती दाराला लटकली आणि पाती ओढू लागली. सुगरणीच्या विणीचे असे असते की एक पाती मोकळी झाली की दुसरी ढिली होते. दुपार व्हायच्या आत सगळी नळी उसवून खाली ओढ्यात पडली. वाहत जाणाऱ्या काड्यांकडे पाहून कावळा म्हणाला, "आता कसे, हे खरे बाभळीचे घर दिसते." तिला इतका आनंद झाला की अंडी झाकून ठेवून ती पोटभर बिया टिपायला कुरणात गेली.

कुरणात तिला पलीकडून हाक ऐकू आली. शिंदीवरची ताई गळा ताणून ओरडत होती, "ताई, घराकडे बघ. लवकर जा."

मनोलीने मान फिरवली. तिला वाटले, दार नाही म्हणून हिणवते आहे. मी धावत जावे आणि हिला हसायला मिळावे, असा हिचा बेत. तिने मुद्दाम आणखी चार बिया टिपल्या. पंख झटकले. मग सावकाश निघाली.

बाभळीवर पोहोचली तेव्हा कावळा खालच्या फांदीवर पाय रोवून उभा होता आणि त्याचे डोके तिच्या घरात होते. त्याच्या पाठीवर शिंदीवरची ताई बसली होती. तिच्याएवढ्या पाखराने कावळ्याचे काय वाकडे करावे, पण ती टोचत होती, ओरडत होती. कावळ्याने अंग झाडले, चोच फांदीला पुसली आणि तो उडून गेला. चोचीला पिवळे लागले होते.

घरात एकच अंडे उरले होते. ते घरंगळून चिखलाच्या गोळ्यामागे अडकले होते, म्हणून त्याला दिसले नाही.

तो आरडाओरडा ऐकून दोन्ही विणकर आले. खालच्या गवतात ते एकत्रच पाती चिरत बसले होते. बाभळीवरच्याने उसवलेले दार पाहिले आणि कोणी केले म्हणून विचारले. मनोलीने रडत रडत सगळे सांगितले: आमचा चिखल, त्यांची नळी, चोर कोण, मान कोणाचा.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. बाभळीवरचा म्हणाला, "नळी मी याच्याकडेच पाहिली. बरी वाटली, म्हणून घेतली. चिखल मी याला दाखवला. बाई, यात आमचा मान कुठे गेला? अंडी मात्र तुझी होती."

मग दोघे कामाला लागले. एकाने गवताची पाती ओवली, दुसऱ्याने झावळीची पट्टी, आणि ऊन कलायच्या आत नवे दार लोंबू लागले. ते इतके एकजीव झाले होते की कोणाची गाठ कुठली, ते त्यांनाही सांगता आले नसते. शिंदीवरची ताई काम होईपर्यंत अंड्यावर बसून होती. मनोलीने आपल्या गळ्यात भरून आणलेल्या बिया तिच्यापुढे ठेवल्या.

पुढे त्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले. बाकीच्या मनोल्यांनी त्या मिश्र दारावरून नवे भांडण काढले, ते आजही चालू असेल. एके दिवशी कावळा पुन्हा बाभळीवर येऊन बसला आणि पलीकडे लोक काय काय बोलतात ते सांगण्यासाठी त्याने घसा साफ केला.

मनोलीने दारातून डोके बाहेर काढले. ती म्हणाली, "सांग दादा, ऐकते. पण आधी एवढे सांग, आज तू जेवून आला आहेस की जेवायचा आहेस?"

कावळ्याला एकाएकी दुसरीकडे काम आठवले.

तात्पर्य : कोणी कोणाचे पाहून केले, याचा वाद घडवणाऱ्यांवर सोडावा, आणि दुसऱ्याचा संशय घ्यायला जो शिकवतो, त्याला भूक कशाची आहे ते आधी पाहावे.