फडक्यातलं कोरडं पीठ

एका नदीच्या काठाला एक नावाडीण राहायची. तिची जुनी होडी कुजली, म्हणून गावाने नवी करायला घेतली. फळ्या ठोकायला सुतार, फटींत कापूस आणि राळ भरायला राळवाला, आणि वल्ही तासायला तिसरा एक कारागीर.

नावाडणीला घाई होती. लेक पलीकडच्या गावात दिलेली, तिला नववा महिना लागला होता आणि सासरी तिचं करणारं कोणी नव्हतं. दुसरी वाट डोंगरावरून. पोटुशीने चढायची ती वाट नव्हे.

रोज ती जाऊन विचारायची, झाली का. एक दिवस सुतार म्हणाला, माझं झालं. चार दिवसांनी राळवाला म्हणाला, माझं झालं. वल्हीवाला म्हणाला, माझं तर कधीचंच झालंय. तिघांचं झालं म्हणजे होडी झाली, असं धरून तिने डोंगरावरून सांगावा धाडला.

लेक बोचकं घेऊन पलीकडे येऊन उभी राहिली. इकडून आईने होडी लोटली. निम्मी नदी व्हायच्या आत पाणी घोट्याला लागलं. वल्ही तर करणाऱ्याने आपल्याच उंचीची केलेली. या बुटक्या बाईच्या हातात ती पाण्यापेक्षा वाऱ्यातच जास्त फिरली. ती कशीबशी माघारी आली. लेकीला पलीकडच्याच काठावर एका गुराख्याच्या खोपटात राहावं लागलं.

दुसरी कोणी असती तर शिव्या घातल्या असत्या. हिला मात्र कोडं पडलं. तिघांतला एकही खोटं बोलला नव्हता, मग पाणी आलं कुठून? तिने तिघांना होडीपाशी बसवलं.

"झालं म्हणजे काय झालं, ते सांगा बघू."

सुतार म्हणाला, शेवटचा खिळा बसला की झालं. राळवाला म्हणाला, फटी बुजल्या की झालं. वल्हीवाला म्हणाला, हाताला कुसळ लागेना की झालं.

"आणि माझी लेक?"

राळवाला खाली बघत म्हणाला, "खिळ्यापाशी फळी तडकलेली मला दिसली होती. पण तडा सुताराचा. मी कशाला बोलू?"

"तेव्हा काय तोंडात राळ भरली होती का रे?" सुतार म्हणाला.

नावाडणीने घरातून मूठभर ज्वारीचं पीठ आणलं, पातळ फडक्यात बांधलं आणि होडीच्या तळाशी ठेवलं. म्हणाली, तुम्ही तिघे बसायचं, वल्हवायचं मी. पलीकडे जाऊन परत यायचं. पीठ कोरडं राहिलं तर होडी झाली. तोवर 'माझं झालं' कोणी म्हणायचं नाही. तिघांनी मान डोलावली.

सुताराने तड्यावर पट्टी ठोकली, राळवाल्याने वरून राळ ओतली, वल्ही कापून आखूड केली. चौघे निघाले आणि पलीकडे पोचलेही. लेक चढायला पुढे आली. नावाडणीने फडकं चाचपलं. एक कोपरा ओला होता.

"एवढंसं तर आहे," वल्हीवाला म्हणाला. "घे तिला. पुढचं पुढे बघू."

तिने लेकीच्या पोटाकडे पाहिलं. हात पुढे झालाही होता, तो तिने मागे घेतला.

"ठरलं ते ठरलं. आणखी एक दिवस कळ काढ, बाई."

लेक रडली. होडी माघारी फिरली. काठाला लागल्या लागल्या सुतार आणि राळवाला, न सांगता, एकाच फळीला भिडले. तडकलेली फळी उखडून नवी बसवली. एक ठोकतोय तोवर दुसरा फट तपासतोय. दुसऱ्या दिवशी फडक्यात नवं पीठ बांधून चौघे जाऊन आले. नावाडणीने काठावर फडकं सोडून फुंकर मारली, तर पीठ भुर्रकन उडालं.

मग ती एकटी गेली आणि लेकीला घेऊन आली. दोन दिवसांनी बाळ झालं. फडक्यात उरलेल्या पिठाची तळहाताएवढी भाकरी तिने केली आणि तिघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला.

"आता म्हणा," ती म्हणाली.

"झाली," तिघे म्हणाले. 'माझं' कोणीच म्हटलं नाही.

तात्पर्य, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं: आपला वाटा उरकला म्हणजे काम झालं असं नव्हे. काम कशाला झालं म्हणायचं ते सगळ्यांनी बसून आधी ठरवावं, आणि घाई झाली म्हणून ते मोडू नये.