गोळी पडणार कुठं?

नवरदेवाचे चुलते भैरवराव मांडवात आले ते खांद्याला रायफल लावूनच. आल्या आल्या त्यांनी बजावलं, “मंगलाष्टकं संपली की पाच बार काढणार. आमच्या घराण्याची रीत आहे.”

रीत कसली, मिजास होती ती. नवरीची आई सगुणाबाई पुढं झाली. मागच्याच वर्षी एका लग्नात असल्याच बाराची गोळी मांडवाच्या कापडातून खाली आली आणि सगुणाबाईची धाकटी जाऊ पुऱ्या लाटता लाटता गेली.

“इथं बार निघायचा नाही,” ती म्हणाली.

भैरवराव हसले. “विहीणबाई, हवेत मारतोय, माणसांवर नाही. परवाना आहे माझ्याकडं. बार नाही तर लग्न नाही. वऱ्हाड माघारी नेतो.”

भावानं सगुणाबाईचा हात दाबला. “अक्का, पोरीचं लग्न मोडंल. घे पडतं.”

तिनं हात सोडवून घेतला. “बरं, काढा बार. फक्त वर गेलेली गोळी खाली कुठं पडणार तेवढं बोटानं दाखवा. तिथंच तुमच्या मानाच्या खुर्च्या मांडते. मधोमध वरमाई, शेजारी नवरदेव.”

“आता ते कसं सांगता येईल?”

“मारणाऱ्याला सांगता येत नाही, मग आम्ही बसायचं कुठं, व्याही?”

तेवढ्यात नवरदेवाची आईच खुर्चीवरून उठली.

“भावजी,” ती म्हणाली, “ती रायफल जीपमध्ये ठेवून या. आणि किल्ली माझ्याकडं द्या.”

लग्न मुहूर्तावर लागलं. भैरवराव पहिल्याच पंगतीला रिकाम्या खांद्यानं जेवले.