तळ्यातले मासे आणि तिसरा श्रोता

मालाला नावं ठेवणारं गिऱ्हाईक आधी दुकानात येऊन गेलेलं असतं. रेडिओवर गावच्या बातम्या देणाऱ्या कुमुद पेडणेकरला हे कुठं ठाऊक? आपले श्रोते दोनच, आई आणि कोपऱ्यावरचा शिंपी, असं ती हसत सांगायची.

गटाराच्या पाण्यानं तळ्यातले मासे मेल्याची बातमी तिनं दिली, तसं नगराध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं.

"उद्या रेडिओवर माफी मागा, नाहीतर नोकरी घालवीन! एरवी काळं कुत्रंही ऐकत नाही तुमचा रेडिओ!"

"अगदी खरं, साहेब," कुमुद म्हणाली. "मग रेडिओवर माफी ऐकणार कोण? बातमी ऐकलीत तुम्ही एकट्यानंच. तुमची झोप मोडली, तेवढी माफी इथंच मागते."

दारातला शिपाई खुदकन हसला.

जिना उतरताना कुमुदनं यादी सुधारली: आई, शिंपी आणि नगराध्यक्ष.